ऑटो एसी गार चालता चालता एकदम पायावर गरम हवा फेकायलाय. गॅस दोनदा भरून झाला

सेलूकर | ११ मे, रात्री ९.४८

नमस्कार मंडळी. गाडी २०१५ ची डिझेल सेडान, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली. एसी ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलचा आहे, म्हणजे २४-२५ असा आकडा लावायचा, ऑटोचं बटण दाबायचं, बाकी गाडी बघते.

आईला दर पंधरा दिवसांनी छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालयात न्यावं लागतं. पहाटे पाचला सेलू सोडतो, मंठा, जालना, बदनापूर करत पोचतो आणि दुपारी दोन-अडीचला परत फिरतो. जाताना काही त्रास नाही. येताना मात्र गेल्या तीन खेपांना एकच गोष्ट झाली. संभाजीनगर सोडलं की वीस-पंचवीस मिनिटं मस्त गार, आणि बदनापूरच्या अलीकडं-पलीकडं एकदम गरम हवा सुरू. नुसती पंख्याची हवा नाही, हिटर लावल्यासारखी. समोरच्या जाळीतून यायची थांबते आणि पायाकडं यायला लागते. आई पुढच्या सीटवर असते, केमो घेऊन आलेली. मागच्या खेपेला तिनं पाय वर घेऊन मांडी घातली तेव्हा मला कळलं की तिचे पाय भाजायलेत. लिंबाखाली गाडी लावून अर्धा तास थांबलो, पुन्हा चालू केली तर गार.

सेलूत गॅस दोनदा भरला, दर वेळी २,२०० रुपये. भरल्यावर गावात आठ-दहा दिवस एकदम झकास चालतो. परभणीत एका गॅरेजला दाखवली. स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड नाही. बाहेरचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर मीटर लावून ‘५ व्होल्ट येतात, वायरिंग ओके आहे’ म्हणाले आणि कॉम्प्रेसर बदला म्हणून ३२,००० चा आकडा दिला. पुढची तारीख २५ मे आहे. कॉम्प्रेसर बदलून टाकू का? पैसे लावायला मी तयार आहे, पण लावून पुन्हा तेच झालं तर आईला घेऊन रस्त्यावर बसायची हिंमत नाही.

औसा रोड | ११ मे, रात्री १०.२५

कंडेन्सरचा, म्हणजे बंपरमागं एसीचा गॅस गार करणारी जाळी असते तिचा, पंखा बघा. दुपारच्या उन्हात पंखा नीट फिरला नाही की गॅसचं प्रेशर वाढतं आणि कॉम्प्रेसर आपोआप सुटतो. गाडी थंड झाली की पुन्हा लागतो. लातूरला माझ्या गाडीला हेच झालं होतं, पंख्याची रिले गेली होती. कंडेन्सरही पाण्यानं धुऊन घ्या, धूळ लई बसते.

वायरवाला जालना | १२ मे, सकाळी ६.१०

सेलूकर भाऊ, कॉम्प्रेसरला कुणाला हात लावू देऊ नका. गॅसही काढू नका, भरू नका. मी जालन्यात मंठा चौफुलीजवळ बसतो, १९९८ पासून गाड्यांचं वायरिंगच करतो. तुमची पोस्ट रात्री वाचली आणि झोपायच्या आधी दोनदा पुन्हा वाचली. तुमचा दोष तुम्हीच लिहून ठेवलाय, ‘हिटरसारखी’ आणि ‘पायाकडं’ ह्या दोन शब्दांत.

बघा, कॉम्प्रेसर बंद पडला तर काय होईल? बाहेरची हवा आहे तशी आत येईल. बाहेर ४२ तर जाळीतून ४२-४३. गरम लागेल, पण भाजणार नाही. पाय भाजायला हवा हिटरच्या कॉइलवरून यावी लागते. म्हणजे डॅशबोर्डच्या आतला मिक्सिंगचा फ्लॅप, गार-गरम हवा मिसळणारी झडप, गार बाजूकडून गरम बाजूला फिरला. शिवाय हवा पायाकडं वळवायचा दुसरा फ्लॅप, तोही फिरला. गॅस कमी असला म्हणून फ्लॅप फिरत नसतात. त्यांना मोटर फिरवते आणि मोटरला हुकूम एसीचं कंट्रोल युनिट देतं.

ऑटो एसी मुळात चार ठिकाणी विचारून चालतो. बाहेर किती आहे, आत किती आहे, काचेतून ऊन किती पडायलंय आणि कूलिंग कॉइल किती गार झाली. त्या चार उत्तरांवरून तो फ्लॅप, पंखा आणि कॉम्प्रेसर ठरवतो. थंडीच्या दिवसात ऑटो काय करतो? हिटर चालू, हवा पायाकडं, कॉम्प्रेसर बंद. तुमची गाडी बरोबर तेच करायलीय, म्हणजे कुणीतरी तिला सांगायलंय की थंडी पडलीय. कोण सांगतंय ते शोधायचं.

औसा रोडवाल्या भाऊंचं म्हणणं चूक नाही, पंख्याचा दोष मीही महिन्यातून दोन-चार काढतो. पण पंख्याचा दोष उभ्या गाडीत, गर्दीत आधी दिसतो, कारण चालत्या गाडीला समोरचा वारा कंडेन्सर गार करतो. ह्यांचं उलटं आहे, गावात चालतं आणि मोकळ्या रस्त्यावर बिघडतं.

चार गोष्टी सांगा. गरम हवा सुरू होते तेव्हा स्टिअरिंगमागच्या मीटरमध्ये काही चिन्ह येतं का? आकडा सगळ्यात खाली, ‘लो’वर नेला तर काय होतं? त्या वेळी गाडीचा वेग किती असतो? आणि गाडी पुढून कधी ठोकली गेलीय का? बारीक ठोकर असली तरी सांगा.

सेलूकर | १२ मे, दुपारी १.३२

काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला. मीटरमध्ये चांदणीसारखं नारिंगी चिन्ह येतं आणि एकदा टिंग वाजतं. मी समजत होतो एसी चालू असल्याचं चिन्ह असेल.

‘लो’ मागच्या खेपेला केलं होतं. भाजणं थांबलं, हवा पुन्हा समोरून यायला लागली, पण गार नव्हती, बाहेरच्यासारखीच. वेग म्हणाल तर बदनापूरच्या चौपदरी रस्त्यावर ८०-९० असतो. मंठ्याच्या पुढं रस्ता तसा नाही, तिथं ५०-६०. पहाटे जाताना आम्ही एसी लावतच नाही, काचा खाली असतात.

आणि हो, दिवाळीच्या आधी मंठ्याजवळ रात्री रानडुक्कर आडवं आलं होतं. बंपर फुटला, एक फॉगलॅम्प गेला. सेलूतच बंपर बदलून घेतला. हे एसीशी जोडायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

गोदाकाठ | १२ मे, दुपारी ३.०५

मध्येच विचारते. माझ्या गाडीत ऑटो आणि आतली हवा फिरवायचं बटण दाबून धरून चावी फिरवली की पॅनेल स्वतःची तपासणी करतं. नांदेडला गॅरेजमध्ये ती केली तर उन्हाच्या सेन्सरचा कोड आला. डॅशबोर्डवरचं ते काळं बटण बदलायचं म्हणतायत. एसी मात्र चांगला चालतोय. बदलू का?

वायरवाला जालना | १२ मे, रात्री ९.२०

ताई, गाडी उन्हात उभी करून तीच तपासणी पुन्हा करा. तो सेन्सर उजेड मोजतो. शेडमध्ये, ट्यूबलाइटखाली त्याला ऊन दिसतच नाही आणि बऱ्याच गाड्या त्याचा कोड दाखवतात. उन्हात कोड गेला तर सेन्सर चांगला आहे. पावसाळ्यात करायचं झालं तर जुना पिवळा शंभर वॅटचा बल्ब जवळ धरायचा, एलईडी चालत नाही.

सेलूकर भाऊ, ती चांदणी म्हणजे बर्फाचं चिन्ह आहे. बाहेर ३-४ अंशाखाली गेलं की रस्त्यावर बर्फ असू शकतो, सावध व्हा, असं गाडी सांगते. मे महिन्यात बदनापूरला तुमची गाडी रस्त्यावर बर्फ आहे म्हणून सांगायलीय. परभणीच्या गॅरेजवाल्यानं गाडी हायवेला नेऊन चालवली असती तर त्याला ती दिसली असती.

‘लो’चं उत्तर लई कामाचं आहे. ‘लो’ लावलं की बहुतेक गाड्यांत कंट्रोल युनिट हिशेब सोडून देतं आणि फ्लॅप थेट गार टोकाला नेतं. तुमचा फ्लॅप गेला, म्हणजे फ्लॅपची मोटर, तिची तार, युनिट, सगळं ठीक. तरी कॉम्प्रेसर लागला नाही, कारण बाहेर फार थंडी असेल तर कॉम्प्रेसरला कुलूप असतं. ते कुलूप बाहेरचा सेन्सर लावतो, आतला लावत नाही. म्हणून माझा संशय सगळा बाहेरच्या सेन्सरवर. तो बंपरच्या मागं, कंडेन्सरच्या पुढं असतो. बंपर काढला की तो लोंबकळतो आणि घाईत बसवणारा माणूस तो तसाच सोडतो.

आता तुम्ही म्हणाल, कोड का आला नाही आणि ५ व्होल्ट कसे आले. हे नीट समजून घ्या.

तो सेन्सर म्हणजे एक थर्मिस्टर. गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, कमी होतो, गार झाला की वाढतो. तो ओहममध्ये मोजतात. युनिटला तापमान दिसत नाही, फक्त रेझिस्टन्स दिसतो. तार पूर्ण तुटली असती तर युनिटला उणे ४० सारखं काहीतरी दिसलं असतं आणि त्यानं लगेच कोड टाकला असता. पण तार तुटली नाही, कपलरमध्ये, म्हणजे तारेच्या प्लगमध्ये, नाहीतर जोडात हिरवा गंज धरलाय असं समजा. त्या गंजाचे पाच-सहा हजार ओहम सेन्सरच्या ओहममध्ये मिळाले की युनिट म्हणतं, २ अंश. २ अंश तर जगात कुठंही असू शकतं. ते खोटं आहे हे त्याला कळायला मार्ग नाही, म्हणून कोड नाही.

आणि मीटर. डिजिटल मीटर स्वतः करंट जवळपास घेतच नाही. सेन्सरचा कपलर काढून तारेला मीटर लावला तर मध्ये पाच हजार ओहमचा गंज असला तरी आकडा ५ व्होल्टच दिसणार. मीटर चांगला होता आणि वाचनही बरोबर होतं, पण त्यातून वायरिंग ओके आहे असं निघत नाही. कॉम्प्रेसरच्या क्लचच्या, पंख्याच्या जाड तारेला मी मीटरच्या आधी २१ वॅटचा बल्ब लावतो. बल्ब लख्ख पेटला तरच ती तार काम करते असं मानायचं. पण सेन्सरच्या तारेला बल्ब कधीही लावू नका, युनिट जाईल. तिथून एखाद-दुसरा मिलिअँपिअर जातो. तिथं बल्बच्या जागी रेझिस्टर वापरायचा.

खाली सांगतो ती तपासणी पहाटे, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना करा. बऱ्याच गाड्यांत बाहेरच्या तापमानाचा आकडा खाली लगेच येतो, पण वर चढायला मुद्दाम वेळ लावतो, कारण उभ्या गाडीत इंजिनाची गरमी सेन्सरला लागते आणि ती खरी धरायची नसते. तुमचा दोष एका झटक्यात सुरू होऊन अर्धा तास टिकतो तो त्यामुळंच. तार क्षणभर हलते आणि गाडी बराच वेळ गारठलेली राहते.

सेन्सर हातात काढून त्याचे ओहम मोजा, नंतर मुठीत धरा. आकडा सावकाश उतरला पाहिजे, उड्या मारता कामा नये. मग १ किलोओहमचा रेझिस्टर आणा, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडं रुपया-दोन रुपयाला मिळतो. तो गाडीकडून आलेल्या कपलरच्या दोन पिनांत बसवा, चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. ट्रिपचं बटण दाबत जा, मीटरमध्ये बाहेरचं तापमान येईल. ते खरं नसेल, रेझिस्टरमुळं दिसेल, पण लिहून घ्या. मग तार हातभर अंतरात थोडी थोडी हलवत जा आणि घरातल्या कुणाला तरी आकडा बघायला बसवा. रेझिस्टर तर बदलत नाही, म्हणून आकडा हलला तर दोष तारेत.

दोन गोष्टी सांभाळा. चावी ऑन असताना रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो, बोटं दूर ठेवा. आणि पिवळ्या कपलरला शिवू नका, ते एअरबॅगचे असतात.

औसा रोड | १२ मे, रात्री १०.०२

काका, मी गाडीचे कोड वाचायचं ब्लूटूथचं डोंगल घेतलंय मोबाइलला जोडायचं. त्यानं हे दिसेल का?

वायरवाला जालना | १२ मे, रात्री १०.१५

स्वस्त डोंगल इंजिनाचं युनिट वाचतं, म्हणजे पी अक्षराचे कोड. एसी पॅनेलचे कोड बहुतेक बी चे असतात, ते त्यात येत नाहीत. बाहेरचं तापमान काही गाड्यांत इंजिनाकडूनही वाचता येतं, लावून बघा. कोड बघण्यापेक्षा चालू आकडे बघायची सवय लावा. युनिटला काय वाटतंय ते आधी वाचायचं आणि मग हातातल्या थर्मामीटरशी ताडायचं.

सेलूकर | १६ मे, सकाळी ८.४०

काका, सापडलं.

पहाटे सहाला सुरू केलं, धाकटा मुलगा मीटरसमोर बसला. बंपरच्या खालची जाळी काढली तर सेन्सर जागेवर नव्हताच. खाच रिकामी, आणि सेन्सर हॉर्नच्या पट्टीला टेपनं गुंडाळलेला, तार पुढं मोकळी लोंबत होती. सेन्सर काढून मोजला: १.९ किलोओहम. अंगणातल्या थर्मामीटरवर २८. मुठीत धरला तर सावकाश १.५ पर्यंत उतरला, सोडल्यावर पुन्हा चढला. म्हणजे सेन्सर चांगला.

रेझिस्टर लावून चावी ऑन केली, मीटरमध्ये ४४. पहाटे सहाला ४४! मग तार हलवत गेलो. कपलरपाशी काही नाही. कपलरपासून वीतभर मागं टेपची एक गाठ होती, तिला बोट लावलं आणि मुलगा ओरडला, ‘बाबा, ३!’ चांदणी आली, टिंग वाजलं. मी बोट काढलं तरी आकडा ३ वरच राहिला, तुम्ही सांगितलं तसं.

टेप सोडली. दोन्ही तारा नुसत्या पिळून जोडलेल्या, आत चिखल सुकलेला आणि तांबं पार हिरवं झालेलं. एक जोड बोटानं दाबला की चांगला, सोडला की मीटरवर कधी ४, कधी ६, कधी ९ किलोओहम. बंपर बदलताना तार तुटली असणार आणि मला न सांगता जोडली. आणि मी गॅसवाल्यांकडं फिरत होतो.

आता जोड कसा करू? सेलूत कुणाकडं देऊ, की मीच करू?

वायरवाला जालना | १६ मे, सकाळी ९.०५

शाब्बास. मुलालाही सांगा, चांगलं काम केलं.

तुम्हीच करा, मोजायला जमलं त्याला जोडायला जमतं. हिरवी तार मागं मागं कापत जा, चकचकीत तांबं लागेपर्यंत. गंज तारेच्या आवरणाखालून आत चढतो, दोन बोटं कापून थांबू नका. तार कमी पडली तर तेवढ्याच जाडीचा तुकडा मध्ये घाला. दोन्ही जोड एकासमोर एक येऊ देऊ नका, एक पुढं एक मागं घ्या. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, मग सोल्डर मारा. सोल्डर करायच्या आधी श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, तारेत ओवायला विसरू नका, आतून गोंद असलेली घ्या. गरम केल्यावर टोकाला गोंदाचा थेंब बाहेर दिसला की समजायचं पाणी आत जाणार नाही. टेप नको. टेपच्या आत पाणी गेलं की बाहेर येत नाही, तुमच्या गाठीत तेच झालं.

सेन्सर त्याच्या खाचेतच बसवा. हॉर्नपाशी ठेवला तर कंडेन्सरची गरमी लागून आकडा जास्त दाखवेल. तार दोन ठिकाणी क्लिपनं पक्की करा, ८०-९० च्या वाऱ्याला फडफडता कामा नये. गावात दोष यायचा नाही तो तिथं तार फडफडत नव्हती म्हणून. गॅस भरल्यावर आठ-दहा दिवस झकास चालायचं तेही तेवढ्यासाठीच, त्या दिवसांत तुम्ही हायवेला गेलाच नव्हता.

गॅसचंही एकदा बघून घ्या. दोनदा भरलाय, जास्त झाला असेल. बंद गाडीत गेज लावून कळत नाही, कारण आत थोडा जरी द्रव गॅस असला तरी प्रेशर फक्त तापमानावर ठरतं. ३५ अंशाला आर-१३४ए, म्हणजे एसीतला गॅस, साधारण ११४ पीएसआय दाखवणारच, पाव भरलेला असो की पूर्ण. मशीनवाल्याकडून सगळा काढून, वजन करून, बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेत तेवढे ग्रॅम भरून घ्या. हा एकच खर्च मी तुम्हाला करा म्हणेन.

सेलूकर | २६ मे, सकाळी ७.१५

काल जाऊन आलो. जोड तुम्ही सांगितला तसाच केला. गॅस जालन्यात मशीनवर मोजून घेतला, स्टिकरपेक्षा १४० ग्रॅम जास्त निघाला.

दुपारी अडीचला निघालो, मीटरमध्ये बाहेरचं तापमान लावून ठेवलं होतं. संभाजीनगरला ४१, बदनापूरला ४२, जालन्यापर्यंत ४२-४३. ८५ च्या वेगानं आलो, चांदणी एकदाही नाही. डोळे रस्त्यापेक्षा त्या आकड्यावरच जास्त होते. जालना यायच्या आधीच आई झोपली. मंठ्यात उठली आणि म्हणाली, जरा कमी कर, गार लागायलंय.

काका, जालन्याहून जाताना चौफुलीला थांबणार होतो, पण ती झोपली होती म्हणून गाडी थांबवली नाही. पुढच्या खेपेला नक्की येतो.

वायरवाला जालना | २६ मे, सकाळी ७.४०

झोपू द्यायचं, बरोबर केलं. मावशीला गार लागत असेल तर पंख्याला हात लावू नका, ऑटोच ठेवा आणि आकडा २७ करा. पहिला मोठा पाऊस झाला की जाळी काढून दोन्ही स्लीव्ह एकदा बघून घ्या.